लॉस बरोबर, पॉवर बरोबर, खरं १० जीवर एरर का येलालेत? (बेळगाव–लोंढा फायबर)

खानापूरचा_जॉइंटर
नमस्कार मंडळी. मी खानापूर भागात फायबर जॉइंटिंगचं काम करतो, अकरा वर्षं झाली. एका लोकल नेटवाल्याची बेळगाव ते लोंढा लिंक हाय, ओटीडीआरवर (फायबरमध्ये उजेड सोडून लांबी आणि लॉस मोजायचं मशीन) ६२ किलोमीटर दाखवतंय (रस्त्यानं कमी हाय, खरं लूप आणि वळसे धरून तेवढं होतंय). आजपर्यंत १ जीवर (सेकंदाला एक अब्ज बिट) चाललेली, तीन वर्षांत तक्रार नाही. आता मालकानं १० जी करायचं काढलंय. ४० किलोमीटरवाली मॉड्युलं (उजेड पाठवणारी-घेणारी) आणली, ईआर म्हणतात ती. ६२ ला ४० चं कसं पुरणार म्हणून बेळगावच्या टोकाला आणि लोंढ्याच्या टोकाला एकेक अँप्लिफायर बसवला. लिंक अप झाली, लोंढ्याला पॉवर मायनस साडेसात डीबीएम, म्हणजे भरपूर. खरं सीआरसी एरर (बिघडून आलेल्या डेटाची मोजणी) असे वाढालेत की काउंटर बघत बसलो तर डोळं फिरतात. व्हिडिओ अडकतंय, कस्टमर मालकाला शिव्या देतंय, मालक मला.

ओटीडीआर दोन्ही बाजूनं मारला. एकूण लॉस साडेपंधरा डीबी, एकाही जॉइंटला ०.१ च्या वर नाही. कनेक्टर सगळे पुसले, स्कोपखाली बघितले. परत १ जी लावलं तर एरर शून्य. आता काय करू?

उद्यमबाग_लेथ
मॉड्युलं चायनाची असतील. बदल.

खानापूरचा_जॉइंटर
दोन वेगळ्या मेकची लावून बघितली भावा. दोन्हीला तेच. आणि टेबलावर छोट्या पॅच कॉर्डनं अ‍ॅटेन्युएटर (उजेड कमी करणारा) घालून जोडली तर रात्रभर एक एरर नाही.

टिळकवाडी_रिटायर्ड
मी टेलिफोन खात्यात ३४ वर्षे काढली. आमच्या वेळी १४० एमबीच्या सिस्टिम होत्या, नंतर अडीच जी आली. माझा अनुभव असा की एरर म्हणजे जॉइंट. ओटीडीआर एका दिशेनं चांगला दिसतो आणि दुसऱ्या दिशेनं फसवतो, दोन्हीची सरासरी काढायची असते. ज्या जॉइंटवर शंका आहे ते उघडून परत करावेत. कंटाळा करू नये.

खानापूरचा_जॉइंटर
काका, अठरा जॉइंट हाईत, त्यातले पाच जंगलात. तरी तुमच्या शब्दाखातर सगळ्यात वाईट दिसणारे दोन परत केले. रात्री दोन वाजता खानापूरच्या पुढं, व्हॅनच्या मागच्या सीटवर मशीन, वर छत्री धरायला मेव्हणा, पाऊस असा की क्लोजर उघडतानाच आत पाणी जाईल काय अशी भीती. फायबर सोललं, स्पिरिटनं पुसलं, क्लीव्ह केलं, आर्क मारला, ०.०२. दुसऱ्यालाबी ०.०२. स्लीव्ह गरम करून ट्रेमध्ये गुंडाळून ठेवलं, लोंढ्याला फोन लावला आणि विचारलं एरर किती. "तेवढेच हाईत की" म्हणाला.

निपाणीकर_बेंगळूर
थांबा थांबा, अजून जॉइंट उघडू नका 🙏 मी गेली काही वर्षं बेंगळुरात याच कामात आहे, ट्रान्समिशनच्या सिग्नल प्रोसेसिंगमध्ये. दादा, तुमची जोडणी उत्तम आहे, रोग वेगळाच आहे. तुम्ही उजेड किती पोचला ते मोजताय. तो केव्हा पोचला हे पॉवर मीटर सांगत नाही आणि ओटीडीआरपण सांगत नाही.

साधा हिशेब. आपली नेहमीची फायबर, जी.६५२, तिच्यात १५५० नॅनोमीटरच्या लहरीला डिस्पर्शन (उजेडाचं वाटेत पांगणं) किलोमीटरला साधारण १७ पिकोसेकंद प्रति नॅनोमीटर. ६२ गुणिले १७ = १०५४. ईआर मॉड्युल ४० किलोमीटरच्या हिशेबानं केलेलं असतं, ते साधारण ८०० पर्यंत झेपवतं. तुम्ही अँप्लिफायर लावून ६२ किलोमीटरचा लॉस भरून काढला पण डिस्पर्शन आहे तिथंच राहिलं. बोबडं बोलणाऱ्याला माइक दिला म्हणून शब्द स्पष्ट होत नाहीत, बोबडं जोरात ऐकू येतं एवढंच.

खानापूरचा_जॉइंटर
डिस्पर्शन ऐकलेलं हाय, ट्रेनिंगला स्लाइड होती. खरं मग १ जीला का नाही? फायबर तीच, किलोमीटर तेच.

निपाणीकर_बेंगळूर
हा प्रश्न लाखाचा आहे. लेझर एकाच रंगाचा म्हणतो आपण पण तो चालू-बंद करायला लागलो की रंग थोडा पसरतो, आणि जितक्या भराभर चालू-बंद तितका जास्त पसरतो. १० जीला तो पसारा साधारण ०.०८ नॅनोमीटर. काचेत १५५० च्या आसपास आखूड लहर थोडी पुढं पळते, लांब लहर मागं रेंगाळते. १०५४ गुणिले ०.०८ केलं की ८४ पिकोसेकंद. आता १० जीचा एक बिट केवढा, तर १०० पिकोसेकंद. म्हणजे प्रत्येक बिट जवळजवळ शेजारच्याच्या घरात जाऊन बसलाय.

१ जीला बिट दहापट लांब आणि रंगाचा पसारा दहापट कमी. दोन्ही बाजूनं फायदा, म्हणून शंभर पट सवलत. १० वरून ४० जीला गेलं तर याच हिशेबानं सोळा पट कडक. त्यामुळं स्पीड चौपट केला की अंतर सोळाव्या हिश्श्यावर येतं, जर तेच साधं चालू-बंद पद्धतीचं मॉड्युल असेल तर.

चिकोडी_सर
मुलांना मी वारीचं उदाहरण देतो. दिंड्या निघतात तेव्हा दोन दिंड्यांत मोकळं अंतर असतं, कुठली कुठं संपते ते लगेच कळतं. पण प्रत्येक दिंडीत पुढं झपाझप चालणारी पोरं आणि मागं हळू येणाऱ्या आज्या असतात. चार मैल गेले की पहिल्या दिंडीतल्या आज्या आणि दुसरीतली पोरं एकत्र. माणूस एकही हरवलेला नाही, मोजदाद केली तर सगळे आहेत. फक्त कोण कुठल्या दिंडीचं ते कळेना. तुमचं पॉवर मीटर म्हणजे मोजदाद करणारा.

टिळकवाडी_रिटायर्ड
सरांचे उदाहरण पटले. आणि मला आता माझीच चूक दिसते आहे. १४० एमबीला बिट सात नॅनोसेकंदांचा, तिथं असल्या पिकोसेकंदांची गणतीच नव्हती, सगळा खेळ लॉसचा होता. तीच सवय मी इथे लावली. जॉइंटरबुवा, तुमची रात्र वाया घालवली, क्षमस्व.

खानापूरचा_जॉइंटर
काका असं म्हणू नका, जॉइंट तर चांगले झाले 😄

उद्यमबाग_लेथ
मला पटलं नाही. किलोकिलोनं मारलेले आकडे हाईत सगळे. दहा जी ६२ किलोमीटर आरामात जातं, माझ्या पाव्हण्याचं हाय कोल्हापूरकडं. पैज कुंद्याची. डिस्पर्शन निघालं तर अर्धा किलो कुंदा माझ्याकडनं.

निपाणीकर_बेंगळूर
पाव्हण्याकडं झेडआर मॉड्युलं असतील, ८० किलोमीटरची. ती हे डिस्पर्शन सहन करतातच. दादा तुमच्यासाठी सोपा उपाय तोच, ईआर काढून झेडआर लावा. पण एक सावधानी, झेडआरचा रिसीव्हर नाजूक असतो, मायनस २४ पर्यंत ऐकतो पण मायनस ७ च्या वर उजेड गेला तर त्याला जड. तेव्हा आधी अँप्लिफायर काढायचा, मग मॉड्युल घालायचं. उलट केलं तर रिसीव्हर जळायचा आणि परत मीच सांगितलं म्हणून नाव माझं.

खानापूरचा_जॉइंटर
मालक म्हणतोय आता एक रुपया देत नाही, अँप्लिफायर तूच घ्यायला लावलास. दुसरं काय?

सातवी_सेम
सर १३१० ला डिस्पर्शन झिरो असतं असं पुस्तकात आहे मग १३१० ची मॉड्युल्स का नाही वापरत? आणि दुसरा डाऊट, झिरो डिस्पर्शनची फायबरच का नाही टाकत लोक? पुढच्या आठवड्यात इंटर्नल आहे प्लीज सांगा

निपाणीकर_बेंगळूर
पहिला डाऊट. १३१० ला लॉस किलोमीटरला ०.३५ डीबीच्या आसपास, ६२ ला २२ डीबीच्या घरात गेला. आणि तो भरून काढायला आपला नेहमीचा अँप्लिफायर तिथं चालत नाही, कारण त्यात एर्बियम असतं आणि एर्बियम १५३० ते १५६५ च्या आसपासच्या पट्ट्यातच उजेड वाढवतं. १९८७ मध्ये साउदम्प्टनच्या डेव्हिड पेन यांच्या गटानं आणि बेल लॅब्सच्या देसुर्व्हिर यांनी हा अँप्लिफायर दाखवला आणि त्यानंतर सगळं जग १५५० ला जाऊन बसलं. डिस्पर्शनचं ओझं त्याबरोबर फुकट आलं.

दुसरा डाऊट फार चांगला आहे. टाकली की तशी फायबर! जी.६५३ म्हणतात, झिरो बरोबर १५५० ला सरकवलेला. जपानात बरीच टाकलेली. मग एका फायबरमधून अनेक रंग पाठवायची पद्धत आली आणि घोळ झाला. सगळे रंग एकाच वेगानं शेजारी शेजारी चालले तर एकमेकांत मिसळून नवीनच रंग तयार करतात, फोर वेव्ह मिक्सिंग, आणि ते भूत नेमकं दुसऱ्या चॅनेलच्या डोक्यावर बसतं. थोडं डिस्पर्शन असेल तर रंग एकमेकांना ओलांडून जातात, गप्पा मारायला वेळ मिळत नाही. म्हणून १७ ला आम्ही शिव्या पण देतो आणि तो हवा पण असतो.

जांबोटी_घाट
आमच्या घरात फायबर आहे त्याला हे नाही का?

निपाणीकर_बेंगळूर
घरच्या जीपॉनला (घरोघरी फायबर देण्याची पद्धत) नाही. खाली येताना अडीच जी, १४९० ला, वर जाताना सव्वा जी, १३१० ला, आणि अंतर २० किलोमीटरच्या आत. तिथं खरा शत्रू उजेड वाटून देणारा स्प्लिटर आणि कोपऱ्यात मुडपलेली वायर.

जॉइंटरदादा, दुसरा उपाय डीसीएम, डिस्पर्शन उलटवणारा. पिझ्झाच्या खोक्याएवढा चपटा बॉक्स, आत उलट्या स्वभावाच्या फायबरचं रीळ. तिचं डिस्पर्शन किलोमीटरला उणे ८० ते १०० च्या आसपास. जी लहर आपल्या फायबरमध्ये पुढं पळाली ती या रिळात रेंगाळते, मागं राहिलेली पुढं येते, आणि बाहेर पडताना सगळे परत एकत्र.

चिकोडी_सर
म्हणजे मुक्कामाच्या आधी एक असा रस्ता की जिथं आज्या पोरांपेक्षा जोरात चालतात 😀 असा रस्ता पाहिजे मला पण.

खानापूरचा_जॉइंटर
हुबळीला एक दोस्त हाय, त्याच्याकडं जुन्या लिंकमधनं काढलेला एक बॉक्स पडलाय. वर "४०" लिहिलंय. फुकट देतो म्हणालाय. एकच हाय खरं.

निपाणीकर_बेंगळूर
४० म्हणजे ४० किलोमीटरचं डिस्पर्शन काढणारा. १०५४ वजा ६८० = ३७४ उरतं, ते ईआर हसत हसत झेपवतं. बॉक्सचा स्वतःचा लॉस पाचेक डीबी असेल, तुमचे मायनस साडेसात मायनस साडेबारा होतील, ईआर मायनस पंधरापर्यंत ऐकतो, जमतंय. हो, बॉक्स लोंढ्याच्या टोकाला रिसीव्हरच्या आधी लावा, बेळगावात अँप्लिफायरच्या लगेच पुढं नको. त्या रिळाचा गाभा बारीक असतो, त्यात एकदम जोरात उजेड कोंबला तर काच स्वतःच सिग्नल बिघडवायला लागते, त्याबद्दल मागाहून.

एकच आहे तर उत्तम. एकाच दिशेला लावा. बेळगावकडून लोंढ्याला जाणाऱ्या फायबरला बॉक्स, परत येणारीला काही नाही. लेथभाऊंच्या पैजेचा निकाल पण लागेल.

अ‍ॅडमिन
धागा छान चाललाय. मधल्या दोन प्रतिक्रिया उडवल्या आहेत, "बेळगाव का बेळगावी" हा वाद दुसऱ्या धाग्यावर, इथं फायबर.

खानापूरचा_जॉइंटर
मंडळी!!! काल संध्याकाळी लावला. बेळगाव ते लोंढा दिशा, काउंटर शून्य करून चहाला गेलो, स्टेशनजवळ भजी खाल्ली, तासानं आलो, शून्य. तिकडं बेळगावात माणूस बसवलेला, त्याला फोन केला, तुझ्या बाजूला किती, म्हणाला अण्णा हे तर पळालंय की मीटरसारखं. एकाच केबलमधल्या दोन फायबर, एकाच नळीतल्या शेजारी शेजारी, जॉइंटबी माझेच, एक स्वच्छ आणि एक घाण. पॉवर उलट स्वच्छवालीला कमी, मायनस १२.६! अकरा वर्षं मी पॉवर जास्त म्हणजे चांगलं असं समजून चाललो होतो राव.

उद्यमबाग_लेथ
पत्ता पाठवा.

टिळकवाडी_रिटायर्ड
कुंदा ताजा आणावा. पॉवर घटून सुधारणा झाली हा पुरावा फार बोलका आहे.

सातवी_सेम
सर पण मग १०० जी ४०० जी कसं चालतं? स्पीड चौपट तर अंतर सोळा पट कमी म्हणालात, मग १०० जी तर एक किलोमीटरच्या आतच मरायला पाहिजे. बॉक्सवर बॉक्स लावतात का?

निपाणीकर_बेंगळूर
आज रविवार आहे, पाऊस आहे, लांब लिहितो.

आधी हे की दोस्ताकडं तो बॉक्स पडीक का होता याचा माझा अंदाज. त्या लिंकवर कुणीतरी १०० जी बसवलं असणार आणि सांगितलं असणार की सगळे डीसीएम काढून टाका. होय, काढून. नवीन सिस्टिमला ते नकोच असतात.

साध्या रिसीव्हरमधला फोटोडायोड फक्त उजेड किती एवढं सांगतो. लहर वर जात होती का खाली, म्हणजे फेज, ते त्याला कळत नाही. आणि डिस्पर्शन नेमकं फेजमध्येच खोडी करतं, प्रत्येक रंगाची फेज थोडी वेगवेगळी फिरवून ठेवतं, ताकद कुणाचीच कमी करत नाही. म्हणून साध्या रिसीव्हरनं उजेड मोजला की खोडीचा पुरावाच पुसला जातो आणि मागं कितीही इलेक्ट्रॉनिक्स लावा, पूर्ण उलटवता येत नाही. तेव्हा उजेड उजेड असतानाच, काचेनंच, तो दुरुस्त करायला लागायचा. डीसीएम त्यासाठी.

१०० जीच्या कोहेरंट रिसीव्हरमध्ये आपलाच एक लेझर रिसीव्हरपाशी ठेवतात, आलेल्या उजेडात तो मिसळतात. तंबोऱ्याची तार लावताना दोन सूर जवळ आले की घुमल्यासारखं ऐकू येतं ना, तसं. त्या घुमण्यातून फेज कळते. दोन पोलरायझेशन (लहर हलायच्या एकमेकींना काटकोनातल्या दिशा) वेगळी करून प्रत्येकाची ताकद आणि फेज, असे चार सिग्नल सेकंदाला कित्येक अब्ज वेळा मोजून आकडे केले की सगळी लहर तुमच्या हातात आली. आता काच काय करते ते गणितानं माहीत आहे, मग त्याचं बरोबर उलटं गणित चिपमध्ये करायचं. सिग्नल एफएफटी नावाच्या गणितानं रंगारंगात फोडायचा, प्रत्येक रंगाची फेज फायबरनं फिरवली तेवढीच उलटी फिरवायची, परत जोडायचा. झालं डीसीएम, फक्त आकड्यात. लांबी बदलली तर आकडा बदलायचा, डोंगर उतरून बॉक्स बदलायला नको.

केवढं काम आहे बघा. १०० जीचा नेहमीचा प्रकार म्हणजे दोन पोलरायझेशन, प्रत्येकावर क्यूपीएसके, म्हणजे फेजच्या चार जागा, एका सिम्बॉलमध्ये (एका ठोक्यात) ४ बिट, म्हणून सिम्बॉलचा वेग ३२ अब्जाच्या आतबाहेर. २००० किलोमीटरला डिस्पर्शन ३४००० होतं. एक सिम्बॉल ३१ पिकोसेकंदाचा आणि तो पसरतो साडेआठ-पावणेनऊ नॅनोसेकंदांवर, म्हणजे साधारण २८० सिम्बॉल एकमेकांत कालवलेले. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत पहाटे तीनला खडेबाजारात उभं राहून कुठला ढोल कुठल्या गल्लीचा ते ओळखण्यापेक्षा वाईट. आणि चिप ते सोडवते, कारण काही हरवलेलं नाही, फक्त पांगलंय. ही कल्पना १९८० च्या दशकात पण होती, एर्बियम आला आणि मागं पडली. मग चिपा वेगवान झाल्या आणि २००८ मध्ये नॉर्टेलनं ४० जीवर बाजारात आणली.

सातवी_सेम
पोलरायझेशन दोन पाठवली तर ती मिसळत नाहीत का वाटेत

निपाणीकर_बेंगळूर
मिसळतात तर. फायबरचा गाभा शंभर टक्के गोल नसतो, केबल कुठं दाबलेली कुठं वळलेली, त्यामुळं दोन पोलरायझेशन वेगवेगळ्या वेगानं जातात आणि वाटेत गोल गोल फिरतात. याला पीएमडी म्हणतात, पोलरायझेशन मोड डिस्पर्शन. डिस्पर्शनसारखं ते ठरलेलं नसतं, ऊन वारा बदलला की बदलतं, आणि अंतराबरोबर नाही तर अंतराच्या वर्गमुळाबरोबर वाढतं. आजच्या चांगल्या फायबरला ०.२ पिकोसेकंदाची मर्यादा असते (किलोमीटरच्या वर्गमुळाला), ४०० किलोमीटरला २० पट म्हणजे ४ पिकोसेकंद. १० जीला बिटाच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत, १० पिकोसेकंद, चालतं. ४० जीला अडीच.

हे चिपमध्ये चार छोटे फिल्टर फुलीसारखे जोडून सोडवतात. ते स्वतःच शिकत राहतात, बाहेर येणाऱ्या सिम्बॉलची ताकद एकसारखी यायला पाहिजे एवढंच बघून स्वतःला सतत वळवून घेतात. त्यानंतर आपला लेझर आणि तिकडचा लेझर अगदी एकाच सुरात नसतात, फेज हळूहळू घसरते, ती सावरायची.

टिळकवाडी_रिटायर्ड
पीएमडीवरून आठवले. नव्वदच्या दशकातली एक केबल होती, लॉस अप्रतिम. तिच्यावर पुढे वेगवान सिस्टिम चढवायची ठरली तेव्हा पीएमडी मोजली आणि एक तुकडा सरळ नापास झाला. केबल जमिनीत, दिसायला ठणठणीत, आणि निरुपयोगी. तेव्हा आम्हाला ते अन्यायाचे वाटले होते.

जांबोटी_घाट
वळवाच्या पावसात वीज कडकडली की आमच्याकडच्या टॉवर लाइनवरच्या फायबरला एरर येतात असं एकजण सांगत होता. थाप ना?

निपाणीकर_बेंगळूर
थाप नाही! हाय टेन्शन टॉवरच्या सगळ्यात वरच्या अर्थ वायरमध्ये फायबर घातलेली असते. त्या वायरवर वीज पडली की करंट वाहतो, त्याचं चुंबकीय क्षेत्र आतल्या उजेडाचं पोलरायझेशन फटकन फिरवतं. शिकणारे फिल्टर तेवढ्या वेगानं वळू शकले नाहीत तर क्षणभर एरर. वायर तुटत नाही, पॉवर हलत नाही. सकाळी ओटीडीआर मारणाऱ्याला काही सापडत नाही आणि तो बिचारा खोटारडा ठरतो.

उद्यमबाग_लेथ
कुंदा दिला बरं का, काकांच्या घरी. आता मला सांगा, सगळं चिप निस्तरते तर पॉवर फुल्ल मारायची आणि हजार दोन हजार किलोमीटर एका दमात न्यायचं, मधले अँप्लिफायर वाचतील.

निपाणीकर_बेंगळूर
तिथंच गाडी अडते. मगाशी म्हणालो काच सिग्नल बिघडवते, ते हे. उजेड जास्त झाला की काचेचा रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्सच (काचेत उजेडाचा वेग ठरवणारा आकडा) थोडा बदलतो, म्हणजे सिग्नल स्वतःच्या जोरानं स्वतःचीच फेज वाकडी करतो, शेजारच्या चॅनेलची पण करतो. कमी पॉवर टाकली तर अँप्लिफायरच्या नॉइजमध्ये बुडतो, जास्त टाकली तर स्वतःच्या पायात अडखळतो, मधे एक जागा सापडते, चॅनेलला साधारण १ मिलीवॅटच्या आसपास. ह्याचंही उलटं गणित आहे, सगळी फायबर कॉम्प्युटरमध्ये तुकड्या तुकड्यानं उलटी चालवायची. जमतं, पण चिप तापते, आणि शेजारचे चॅनेल काय बोलत होते ते आपल्या रिसीव्हरला माहीत नसतं, त्यामुळं त्यांनी केलेली खोडी तशीच राहते. माझं स्पष्ट मत, पेपरात हे जेवढं छान दिसतं तेवढं मशीनमध्ये मिळत नाही.

आणि डीसीएम काढायला का सांगतात ते पण यातच आहे. टप्प्याटप्प्यावर बॉक्स लावून बिट परत आवळले की त्यांचे शेंडे परत उंच होतात, आणि दर टप्प्यात तीच खोडी त्याच जागी साठत जाते. न आवळता पसरू दिलं तर सगळं मिसळून एकसारखं होतं, खोडी इकडंतिकडं विखुरते. मग शेवटी एकदाच चिपमध्ये आवरायचं.

अँप्लिफायरचा नॉइज मात्र कुणालाच उलटवता येत नाही. त्याला एफईसी, म्हणजे चुका दुरुस्त करणारा कोड. पाठवतानाच जादा बिट जोडायचे, जुन्या १० जीत रीड-सॉलोमन कोड, २३९ बाइटला १६ जादा, २५५ च्या गठ्ठ्यात ८ बाइट चुकले तरी दुरुस्त. रीड आणि सॉलोमन यांनी हा १९६० मध्ये मांडला, सीडीवर ओरखडा पडला तरी गाणं वाजायचं ते याच जातीच्या कोडमुळं. आता १०० जीच्या पुढं वीसेक टक्के जादा बिट असतात, पन्नासातला एक बिट चुकीचा आला तरी बाहेर स्वच्छ.

चिकोडी_सर
फोनवर "ब, बेळगावचा ब" म्हणतो तसं.

निपाणीकर_बेंगळूर
तेच, फक्त कुठला ब ते ऐकणारा स्वतः ठरवतो. आणि हे सगळं, ४०० जी, आता बोटभर मॉड्युलमध्ये मावतं, २०२० ला स्टँडर्ड आलं, अँप्लिफायर लावून १२० किलोमीटर, डिस्पर्शन २४०० पर्यंत स्वतः काढतं. बेळगावहून कोल्हापूर त्यात बसतंय.

खानापूरचा_जॉइंटर
मालकाला हे वाचून दाखवलं. ४०० जी म्हटल्यावर खुर्चीतनं उठला. मी म्हटलं बसा. दुसरा डीसीएम मिळालाय, त्याच दोस्ताच्या ओळखीनं, ह्याच्यावर "६०" लिहिलंय. चालतंय काय?

निपाणीकर_बेंगळूर
१०५४ वजा १०२० = ३४. सोन्याहून पिवळं. फक्त ह्याचा लॉस जास्त असेल, सहा-सात डीबी, मायनस चौदाच्या आसपास जाल. काठावर आहे, तिकडचा अँप्लिफायर दोन डीबी वाढवा, त्याहून जास्त नको.

खानापूरचा_जॉइंटर
लावला. दोन डीबी वाढवले. दोन्ही दिशा शून्य, काल रात्री आठपासून. हे लिहीपर्यंत शून्यच होतं, आता लिंकच डाऊन, लोंढ्याच्या अलीकडं जेसीबीनं केबल उचकटली. निघालोय. ऐंशी मीटर नवीन तुकडा घालायला लागेल असं वाटतंय, दोन जॉइंट. डिस्पर्शनचा हिशेब परत करू काय?

निपाणीकर_बेंगळूर
०.०८ गुणिले १७, दीड पण होत नाही. विसरा. छत्री धरायला मेव्हण्याला न्या.

टिळकवाडी_रिटायर्ड
आणि या वेळी मी जॉइंट नीट करा म्हणालो तर चालेल ना?